रंग चढला नाही म्हणून

४ जून

मुंगे,

तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. दर रविवारी मी फोन करायचा, तासभर बोलायचं आणि पलीकडून तू "हं" म्हणायचंस, एवढाच आपला संसार. तुझ्या त्या "हं"वरून मला कळायचं, पोरगी जेवली की नाही, रडून बसली आहे की नाही. पण घशाच्या डॉक्टरांनी बोलायला बंदी केली. ज्या बाईला लोक तोफ म्हणतात तिला सांगतात, "कुजबुजूसुद्धा नका." मी पाटीवर लिहिलं, "श्वास घेतला तर चालेल का?" हसले नाहीत.

आता मुद्द्याचं. आवाज बसलाय तो सर्दीने, असं मी तुला म्हणाले होते. ते खोटं. स्वरयंत्रावर गाठ आहे. तिचा कण काढून इथे तपासला. तपासणारा म्हणतो, पेशी वाकड्या दिसतात, पण वाईटच आहेत असं छातीठोक सांगता येत नाही. सर्जन म्हणतात, वाईट असतील तर स्वरयंत्र सगळंच काढायचं. जीव राहील, आवाज जाईल. नसतील तर औषध घ्यायचं आणि वाट बघायची. पेशींमधला डीएनए मोजून मिळाला तर ठरवता येईल, म्हणाले, पण ते काम फार थोड्या ठिकाणी होतं. आणि त्यांनी तुझ्या संस्थेचं नाव घेतलं. मी पाटीवर एवढ्या जोरात लिहिलं की खडू मोडला: "ते काम माझी भाची करते."

तेव्हा तूच कर. परक्याच्या हातून मला माझा निकाल नको. आणि गोड करून सांगायचं नाही. माणसाला खरं ऐकण्याचा हक्क आहे, हे मी आयुष्यभर सभांमधून ओरडत आले. स्वतःची पाळी आली की कानांत बोळे घालणारी पुढारीण मला व्हायचं नाही.

तुला माहीत आहे, पाटीवरचे चार शब्द सोडले तर मोठ्याने म्हटल्याशिवाय मला एक ओळ लिहिता येत नाही. हे पत्र दार लावून, कुजबुजत लिहिलंय. डॉक्टरांना सांगू नकोस.

आत्या

१२ जून

ती. आत्यास,

सा. न. आता तू म्हणशील, मी कुणाचं तीर्थ नाही आणि मला साष्टांग नको. राहू दे. काय लिहावं ते सुचेना की शाळेत शिकवलेलंच उतरतं.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "घरच्या माणसाची स्लाइड घरच्या माणसाने बघू नये." मी म्हटलं, "मग कोण बघणार? इथे हे मोजमाप सध्या मी एकटीच करते." तेव्हा त्या म्हणाल्या, "मागव." तेव्हा मेणात बसवलेला तो कण सर्जनांना पाठवायला सांग.

काय करणार ते तुला समजेल असं लिहिते. या पद्धतीला फॉयलगेनची पद्धत म्हणतात. एक गडद किरमिजी रंग घ्यायचा आणि रसायन घालून त्याचा रंगच काढून घ्यायचा. उरतं ते पाण्यासारखं दिसतं. ती बाटली काळ्या कागदात गुंडाळून थंडीत ठेवायची, उजेड लागू द्यायचा नाही. मग पेशींचा पातळ काप गरम ॲसिडमध्ये ठेवायचा. ॲसिड डीएनएचे काही दुवे सोडवतं, त्याची एक बाजू उघडी पडते. त्यावर ते बिनरंगाचं पाणी ओतलं की उघड्या जागी त्याचा गेलेला रंग परत येतो. फक्त पेशीच्या मधल्या गोलात, केंद्रकात. बाकी सगळं कोरं. जेवढा डीएनए तेवढा गडद, म्हणून रंग मोजला की डीएनए मोजला जातो. ॲसिड कमी पडलं तर रंग चढत नाही. जास्त झालं तर डीएनएच विरघळून जातो आणि तेव्हाही चढत नाही. सगळी कला तेवढ्यातच.

निरोगी पेशींचा रंग ठरलेला असतो. बिघडलेल्या पेशी पुष्कळदा दुप्पट डीएनए घेऊन बसलेल्या असतात.

चमकणारे रंगही आहेत, अंधारात निळे दिसणारे. पण मोजण्यासाठी माझा विश्वास या जुन्यावरच.

इथे बरं चाललंय. सगळे चांगले आहेत. तुझ्याजवळ घरात कोण आहे?

मुंगी

१९ जून

मुंगे,

"सगळे चांगले आहेत" म्हणजे तुझ्याशी कुणी बोलत नाही. मी तुला लहानाची मोठी केली आहे, मला शिकवू नकोस. अजून डबा त्या मायक्रोस्कोपच्या टेबलाच्या कोपऱ्यावर एकटीच खातेस ना? आणि खोलीत खुर्ची एकच? दुसरी आण. कुणी येणार नसलं तरी आण. रिकामी खुर्ची दिसली की माणूस कधीतरी कुणाला तरी "या" म्हणतो. एकच असली की म्हणायची सोयच राहत नाही.

तुझी बाटली मला फार आवडली. अंगचा रंग काढून घेतलेली, काळ्या कागदात गुंडाळलेली, आपलं माणूस भेटल्याशिवाय रंगात न येणारी. तिचं नाव बदलून तुझं ठेव.

कण पाठवला आहे. माझ्याजवळ कोण आहे विचारतेस? खालची शिंपीण दिवसातून दोनदा जिना चढते. मी बोलू शकत नाही याचा तिला इतका आनंद झालाय की बारा वर्षांचं तुंबलेलं सगळं माझ्या कानांत ओतून जाते. मी हात जोडते, तिला वाटतं मी आभार मानते.

मी घाबरलेली नाही. शिंपीण तुला काही वेगळं कळवेल तर विश्वास ठेवू नकोस.

आत्या

३ जुलै

आत्या,

आज नमस्कार-बिमस्कार काही नाही. आधी वाच.

दुप्पट नाही. शंका होती त्या पेशी मी एक एक करून मोजल्या. आमच्याकडे तुलनेसाठी निरोगी कापाची स्लाइड असते, प्रत्येक वेळी तीही सोबत रंगवतो. तिचा रंग आणि तुझ्या त्या वाकड्या पेशींचा रंग जवळजवळ सारखा. मी पुन्हा काप घेतला, पुन्हा रंगवला. पुन्हा सारखा! सर्जनांना अहवाल गेला आहे.

मी संस्थेच्या जिन्यात उभी राहून मोठ्याने हसले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. वरून येणारा शिपाई म्हणाला, "ताई, बरं आहे ना?" मी म्हटलं, "माझ्या आत्याचा आवाज वाचला." तो म्हणाला, "मग काय, पेढे काढा." इतक्या वर्षांत त्याच्याशी एवढं बोलणं पहिल्यांदाच झालं.

तुझी मुंगी

९ जुलै

माझ्या मुंगे,

पत्र वाचून मी शिंपिणीला मिठी मारली. ती इतकी दचकली की तिच्या तोंडातली टाचणी पडली.

शस्त्रक्रिया रद्द. सर्जन म्हणाले, तीन महिने औषध, मग बघू. गाठ हट्टी आहे, घशात काटा अडकल्यासारखं होतं, पण तुझ्या मोजमापापुढे काट्याची काय मातब्बरी!

आणि ऐक. धुलाईखान्यातल्या बायकांची सभा २ ऑगस्टला आहे. दवाखान्यांचे रक्ताने भरलेले कपडे त्या उघड्या हातांनी धुतात. हातमोजे मागितले तर मालक म्हणतो, आधीच्या बायकांनी कधी मागितले नव्हते. आधीच्या बायकांच्या हातांना विचारलं का त्याने? मी बोलणार. डॉक्टरांकडून तेवढी एक सभा भांडून मिळवली आहे, आणि भांडले तेही पाटीवर. तोवर एक अक्षर बोलायचं नाही, म्हणून फोन नाही. सभा झाली की पुढचा रविवार तुझा. "हं" तयार ठेव.

तू मला माझा आवाज परत दिलास. लोक मला विचारतात, तुम्हाला मूलबाळ? आता सांगेन, आहे, आणि तिने आईचं ऋण फेडलं.

आत्या

२४ जुलै

आत्या,

मी चुकले.

तुझी स्लाइड फोटो काढून ठेवण्यासाठी पुन्हा काचेखाली घेतली. फोटोत कापाची कडही घ्यायची असते. तिथे गाठीच्या बाहेरच्या, तुझ्या अगदी निरोगी पेशी होत्या. त्या फिक्या होत्या. नुसत्या फिक्या नाहीत, रंगायला हव्या त्याच्या निम्म्या. असं होऊच शकत नाही. एका माणसाच्या सगळ्या निरोगी पेशींत डीएनए सारखाच असतो. अर्ध्या मनाची माणसं असतात आत्या, अर्ध्या डीएनएची नसतात.

म्हणजे डीएनए आधीच कुठेतरी विरघळून गेला होता, माझं ॲसिड लागण्याआधीच. दुप्पट होतं त्याचं निम्मं झालं आणि ते मला निरोगीएवढं दिसलं. मी त्या पेशींची तुलना आमच्या स्लाइडशी केली. तुझ्याच कापातल्या शेजारच्या पेशींशी करायला हवी होती. हे मी नवशिक्यांना पहिल्याच दिवशी सांगते: आधी निरोगी पेशी बघा, त्यांच्यावर रंग नीट चढला असेल तरच बाकीच्यांचं खरं माना. तुझ्या वेळी मी कडेकडे पाहिलंच नाही. भीती होती तिथेच पाहिलं, आणि हवं होतं ते दिसल्यावर मान वर केली.

एक सांग. तुझा कण काढला तेव्हा कसल्या पाण्यात टाकला? नीट आठव. साधं, बिनरंगाचं की पिवळं? काही दवाखाने पिवळं वापरतात. बाकी तपासणीला ते छान, पण त्यात ॲसिड असतं आणि आमच्या पद्धतीचा ते घात करतं. हे मी आधीच विचारायला हवं होतं.

सर्जनांना संस्थेतून आजच कळवलं आहे, अहवाल मागे घेतला आहे. दुसरा कण घ्यावा लागेल, साध्या, बिनरंगाच्या फॉर्मलिनमध्ये. तो मी रंगवेन, पण वाचतील बाई, कुणाचा आहे हे न बघता.

फोन करायला उचलला होता. तू उचलशील, बोलून बसशील, आवाज आणखी दुखवशील, आणि मला "हं"च्या पुढे काही जमणार नाही, म्हणून ठेवला. मला तुझ्याकडे यायचं आहे. येऊ?

मुंगी

३० जुलै

मुंगे,

पिवळं. लिंबाच्या सालीसारखं पिवळंजर्द. मला वाटलं होतं, माझ्या मानासाठी खास रंगीत आणलंय.

दुसरा कण काल काढला. या वेळी बाटली मी स्वतः उजेडाला धरून बघितली. पाणी साधं होतं. नर्स म्हणाली, "आजी, तुम्हाला यातलं कळतं?" मी लिहिलं, "माझ्या घरात कळतं."

आता रडणं थांबव. चूक सापडल्यावर किती वेळ झाकून ठेवलीस? एक दिवससुद्धा नाही. तू गप्प बसली असतीस तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी आनंदात मेले असते आणि सगळे म्हणाले असते, बिचारीचं नशीब. चूक अंगाला लावून न घेता मोठी झालेली माणसं मी व्यासपीठावर शेजारी बसवून घेतली आहेत. त्यांच्या अत्तराचा वास मला अजून सहन होत नाही.

येऊ नकोस. तू उशाशी बसलीस तर मला शूर दिसावं लागेल, आणि सध्या ती ताकद सभेसाठी हवी आहे. सभा तीन दिवसांवर आली. घसा सोललेला आहे. तरी बोलणार.

आत्या

१६ ऑगस्ट

आत्या,

या वेळी तुझ्या कडेच्या निरोगी पेशींवर रंग चढला, अगदी हवा तेवढा. आणि गाठीतल्या पेशी त्यांच्या दुप्पट गडद निघाल्या. बाईंनी वाचलं. त्यांनी आकडा सांगितला, मी लिहून घेतला, आणि मग त्यांनी चिठ्ठी उलटून नाव बघितलं. माझ्या टेबलाशी दुसरी खुर्ची ओढून बराच वेळ बसल्या.

स्लाइड फार सुंदर रंगली आहे. इतकी स्वच्छ किरमिजी स्लाइड माझ्या हातून आधी कधी झाली नव्हती. हे तुला का सांगते आहे ते माझं मलाच कळत नाही.

सर्जनांना कळवलं आहे. त्यांनी लवकरात लवकर करावं.

पुढचा रविवार माझा, म्हणाली होतीस. सभेनंतरचे दोन्ही रविवार मी फोनजवळ होते.

मुंगी

२७ सप्टेंबर

आत्या,

हे पत्रही तू उत्तर न देता ठेवून देशील असं धरूनच लिहिते आहे.

सर्जनांचा कागद बाईंकडे आला: शस्त्रक्रिया नीट झाली, गाठ पूर्ण निघाली, रुग्ण घरी गेली. रुग्ण म्हणजे तू. हे मला टपालातून कळावं?

मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा कुणीतरी उचलला आणि पलीकडे काहीच नाही. मी "हॅलो, आत्या?" म्हणत राहिले. लाइन खराब असावी. शेवटी ठेवला.

तू रागावली असशील तर तो तुझा हक्क आहे. मी तुला आधी आवाज दिला आणि मग काढून घेतला. पहिल्यांदाच खरं सांगितलं असतं तर निदान मधले ते दिवस तुला इतके गोड लागले नसते आणि मग एवढे कडू झाले नसते. तू म्हणालीस, रडू नकोस, चूक झाकली नाहीस. पण ते तू आवाज असताना म्हणालीस. आता काय म्हणशील ते मला माहीत नाही. विचार करून करून मी तुझी उत्तरं स्वतःच तयार करते, तुझ्या आवाजात. मग आठवतं की तो आवाज आता माझ्या डोक्यातच उरला आहे, दुसरीकडे कुठेच नाही.

दुसरी खुर्ची आणली आहे. खिडकीशी ठेवली. तिच्यावर धुतलेले कपडे पडलेले असतात.

एक ओळ पाठव. शिवी असली तरी चालेल.

मुंगी

५ ऑक्टोबर

मुंगे,

शिवी हवी? गाढवे.

आता ऐक. हे पत्र लिहायला मला किती दिवस लागले ते विचारू नकोस. मोठ्याने म्हटल्याशिवाय मला एक ओळ लिहिता येत नाही, हे मी तुला सांगितलं होतं. गंमत वाटली असेल तुला. मलाही वाटायची. घरी आले, कागद घेतला, "मुंगे" लिहिलं आणि पुढचं येईना. तोंड उघडायचं, ओठ हलायचे, श्वासासाठी मानेत पाडलेल्या भोकातून नुसता वारा. वाऱ्याचं काय लिहिणार? कागद फाडायचा. शिंपीण म्हणाली, "मी लिहू का तुमच्या वतीने?" मी तिला हाकललं. तुझ्याशी आजवर मी मध्यस्थाविना बोलत आले. साठी उलटल्यावर मनातल्या मनात लिहायला शिकतेय, पहिलीतल्या पोरासारखी. अक्षर बघ कसं आलंय.

राग? राग कसला? सभेचं तुला सांगायचं राहिलं, ते सांगते. माझ्या आवाजाला कधी माइक लागला नव्हता, त्या दिवशी दोन लागले. हातमोज्यांबद्दल बोलायला उभी राहिले, आणि तुझी गोष्ट सांगितली. नाव नाही घेतलं. सांगितलं, एक मुलगी आहे, तिच्या हातून एक निकाल चुकला, तिच्याच माणसाचा. कुणाला कळणार नव्हतं. तिने स्वतः लिहिलं, मी चुकले. आणि तुमचा मालक, ज्याच्या चुकीने तुमची कातडी सोलवटते, त्याला दोन शब्द लिहिता येत नाहीत? बायका उठून उभ्या राहिल्या. तिथेच माझा आवाज फाटला. पुढचं त्याच बोलल्या. पुढच्या रविवारी तुला फोन करायला बसले तेव्हा आवाज गेलेला होता, सर्जनांनी काढण्याआधीच. तेव्हा मी ज्या शब्दांवर आवाज खर्च केला ते शेवटचे शब्द तुझ्याबद्दल होते. चांगल्या कामी गेला. वाया गेला असता तर रागावले असते.

हातमोजे मिळाले. पातळ आहेत. त्यावर पुन्हा भांडायचं आहे, पण ते त्या बघतील.

रात्री मात्र कठीण जातं. खोटं सांगणार नाही. ठेच लागली तरी "आई गं" बाहेर पडत नाही. शिंपीण जिना चढून येते तेव्हा तिला "कोण?" विचारता येत नाही, म्हणून दार उघडंच ठेवते. आधी घरात मी एकटीच असायचे, पण माझ्या बोलण्याने घर भरलेलं असायचं. आता घराला कळतच नाही की मी आहे.

आता त्या फोनचं. लाइन खराब नव्हती, मुंगे. दोन्ही वेळा मीच उचलला होता. तू "हॅलो, आत्या?" म्हणत होतीस आणि मी तोंड उघडून उभी होते, फोन गालात रुतला होता. तुझ्याकडे काही आलं नाही, म्हणून तू ठेवलास. तुझी स्लाइड फिकी निघाली तेव्हा आत काही नाही असं समजलीस. तीच चूक पुन्हा केलीस. एवढी शिकलेली मुलगी.

आता मी एक पद्धत काढली आहे. फोनवर वाजवायला जवळ चमचा ठेवलाय. एक ठोका म्हणजे "हं". दोन म्हणजे "खोटं बोलतेस". तीनचं अजून ठरवलेलं नाही, लागेल तेव्हा बघू. इतकी वर्षं मी बोलले आणि तू ऐकलंस. आता तू बोलायचं. डबा कुणाबरोबर खाल्लास ते सांग. खुर्चीवरचे कपडे उचललेस का ते सांग. काही सुचलं नाही तर तुझ्या त्या बाटलीबद्दल सांग.

रविवारी फोन कर. मी उचलीन. आधी थोडा वेळ काहीच ऐकू येणार नाही, माझा हात हळू चालतो.

ठेवू नकोस.

आत्या